नेत्रदान, देहदान आणि पहिले सहा तास: सांगली-साताऱ्यातल्या घरांसाठी

संकल्पाचा फॉर्म भरला, त्याची लॅमिनेट केलेली पावती कपाटात ठेवली, म्हणजे दान झालं असं बहुतेकांना वाटतं. अडचण अशी की फॉर्म भरणारा माणूस त्या दिवशी बोलायला नसतो. फोन लावायचा, पंखा बंद करायचा, डॉक्टर शोधायचा, संमतीवर सही करायची, ही सगळी कामं मागे राहिलेल्यांची. म्हणून पुढचं सगळं घरातल्या ज्या माणसावर त्या दिवशी धावपळ येणार आहे, त्याच्यासाठी लिहिलं आहे. सुनेसाठी, पुतण्यासाठी, शेजारच्या हुशार पोरासाठी.

कोणतं दान, कुठे शक्य

नेत्रदान मृत्यू घरी झाला तरी होतं आणि रुग्णालयात झाला तरी होतं. नेत्रपेढीचं, म्हणजे आय बँकेचं, पथक घरी येतं. त्यानंतर नेहमीसारखी माती करता येते.

देहदानात अख्खा देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे जातो, म्हणजे ज्याला सगळे ॲनाटॉमी म्हणतात तिकडे. अंत्यसंस्कार होत नाहीत. नेत्रदान करून मग देहदान करता येतं. डोळे काढल्यामुळे देह नाकारला जात नाही.

मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव घरी मृत्यू झाल्यावर देता येत नाहीत. हृदय थांबलं की त्यांचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते लगेच निकामी होऊ लागतात. आपल्याकडे हे दान मुख्यतः अतिदक्षता विभागात, मेंदू मृत झालेल्या पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू असलेल्या रुग्णाचंच होतं. त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं. पुढची जुळणी विभागीय समन्वय केंद्रातून होते, पश्चिम महाराष्ट्रासाठी ते पुण्यात आहे. हे सगळं रुग्णालय पाहतं. घरच्यांनी हो किंवा नाही एवढंच सांगायचं असतं, म्हणून या लेखात अवयवदान इथेच थांबवतो.

आधी करून ठेवायची कामं

पहिलं काम म्हणजे घरात बोलणं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखालच्या नियमांत संकल्पासाठी नमुना ७ आहे आणि मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकाच्या संमतीसाठी नमुना ८. प्रत्यक्षात नमुना ८ वर सगळं अडतं. वडिलांनी नमुना ७ भरलेला असला आणि थोरला मुलगा उंबऱ्यात उभा राहून नको म्हणाला, तर कुठलंही पथक वाद घालत बसत नाही, परत जातं. उलट संकल्प केलेलाच नसेल आणि बायको-मुलं तयार असतील, तर नेत्रदान होतं. तेव्हा फॉर्म भरण्याआधी जो सगळ्यात जास्त विरोध करेल असं वाटतं, त्याच्याशी बोला. बहुतेक घरांत तो सख्खा मुलगा नसतो, मुंबई-पुण्याला असलेला भाऊ किंवा माहेरकडचा कोणी असतो. भावकीत एक वजनदार माणूस आधीपासून आपल्या बाजूला असेल, तर त्या दिवशी अर्धं काम हलकं होतं.

संकल्प ऑनलाइन करायचा असेल तर राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने नोंदणी होते. देहदानाचा संकल्प मात्र तिथे होत नाही. तो ज्या महाविद्यालयाला देह द्यायचा, त्याच्याच फॉर्मवर करावा लागतो. सांगली जिल्ह्यात मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे (१९६२ पासून), सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णा आणि साताऱ्यात नवं शासकीय महाविद्यालय. फॉर्म आणायला जाल तेव्हा ॲनाटॉमी विभागातच जा. सांगलीचं सिव्हिल मिरजेच्या महाविद्यालयालाच जोडलेलं आहे, पण ॲनाटॉमी मिरजेत आहे. हे माहीत नसल्यामुळे लोक आधी सांगलीत चौकशी करत फिरतात.

फॉर्म देताना खिडकीवरच्या माणसाला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं फॉर्मच्या मागे लिहून ठेवा. रात्री, रविवारी आणि दिवाळीत फोन कोण उचलतो? मृत्यूनंतर किती तासांत देह पोहोचायला हवा? गाडी तुम्ही पाठवता की आम्ही करायची? प्रत्येक ठिकाणचं उत्तर वेगळं असतं, आणि इंटरनेटवरचे नंबर बऱ्याचदा बंद असतात. वर्षातून एकदा, समजा पाडव्याला, तो नंबर लागतो का ते पाहा.

मग एक कागद तयार करा. त्यावर नेत्रपेढीचा किंवा नेत्रसंकलन केंद्राचा नंबर, महाविद्यालयाचा नंबर, मृत्यूचं प्रमाणपत्र देऊ शकेल अशा डॉक्टरचा नंबर आणि घरी येणाऱ्या पथकाला सापडेल असा पत्ता. 'मारुती मंदिराजवळ' असं लिहू नका, प्रत्येक गावात मारुती मंदिर आहे. हा कागद कपाटात नको, फ्रिजच्या दारावर किंवा विजेच्या मीटरजवळ चिकटवा.

मृत्यू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. प्रत्यारोपणात तोच वापरला जातो, अख्खा डोळा बसवता येत नाही. या पडद्याला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो मृत्यूनंतरही काही तास टिकतो आणि रक्तगट जुळवावा लागत नाही. पण तो वाळतो. पापण्या अर्धवट उघड्या राहिल्या आणि डोक्यावर पंखा फिरत असला, तर तासाभरात उघडा भाग कोरडा आणि धूसर होऊ लागतो. मग पथक वेळेत पोहोचलं तरी पडद्याचा दर्जा घसरलेला असतो. करायचं ते असं:

१. दोन्ही पापण्या बोटाने हलकेच मिटवा आणि थोडा वेळ धरून ठेवा. दाबू नका.

२. पंखा बंद करा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण खोलीत माणसं जमतात, गरम होतं आणि कोणीतरी पुन्हा चालू करतं. बटणावर चिकटपट्टी लावा. एसी असेल तर चालू राहू दे, फक्त झोत चेहऱ्यावर नको.

३. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला कापूस किंवा रुमालाची घडी ठेवा. वाळली की पुन्हा भिजवा. बर्फ थेट ठेवू नका.

४. डोक्याखाली उशी द्या, साधारण सहा इंच उंच. डोकं सपाट राहिलं तर रक्त चेहऱ्याकडे उतरतं, पापण्या सुजतात आणि डोळे काढताना रक्तस्राव होतो. आपल्याकडे देह लगेच जमिनीवर घेतात. घ्या, पण उशी काढू नका.

५. फोन लावा. हे पाचवं लिहिलं असलं तरी घरात दोन माणसं असतील तर वरची कामं चालू असतानाच लावायचं.

तोंडात तुळशीपान, गंगाजल घालायला काही हरकत नाही. डोळ्यांत मात्र काहीच घालू नका.

सहा तासांची मर्यादा मृत्यूच्या क्षणापासून मोजतात, पाहुणे जमल्यापासून नाही. उन्हाळ्यात, विशेषतः जत, आटपाडी, माण, खटावकडे मे महिन्यात, सहा तास धरूनच चालू नका. जितकं लवकर तितकं बरं. जतहून मिरज दोन तासांवर आहे, महाबळेश्वरहून साताऱ्याला घाट उतरायलाच दीड तास लागतो. पथकाला तयारीलाही वेळ लागतो. म्हणजे फोन पहिल्या तासात गेला नाही, तर लांबच्या गावांत काम हुकू शकतं. कृष्णेला पूर आला की गणित आणखी बिघडतं. २०१९ आणि २०२१ सारखे रस्ते बंद असतील, तर पहिलं वाक्य 'आमच्या गावाला यायला कुठला रस्ता चालू आहे' हेच असू द्या.

फोनवर काय सांगायचं

रडत रडत 'आमचे अण्णा गेले हो' एवढंच सांगितलं, तर पलीकडच्याला दहा प्रश्न विचारावे लागतात. थोडा सावध असलेला माणूस फोनला बसवा. साधारण असं:

"नमस्कार, तासगावहून बोलतोय. माझे वडील, वय ७८, आज पहाटे पावणेपाचला घरी गेले. हृदयविकार होता, डॉक्टरांचे कागद आहेत. कावीळ, एचआयव्ही, कॅन्सर नव्हता. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आई आणि आम्ही दोघं भाऊ तयार आहोत. पापण्या मिटवल्यात, पंखा बंद आहे. पत्ता सांगतो, आणि एक मुलगा गाडी घेऊन स्टँडवर थांबेल."

शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. रात्री अनोळखी गल्लीत घर शोधण्यात अर्धा तास सहज जातो.

कोणाचे डोळे चालतात

चष्मा होता, मधुमेह होता, रक्तदाब होता, वय नव्वद होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, या सगळ्यांचं नेत्रदान होऊ शकतं. मोतीबिंदूत बदलतात ते आतलं भिंग; पुढचा पडदा शाबूत असतो. एखाद्याला रेटिना किंवा नस खराब झाल्यामुळे दिसत नसेल, तर त्याचाही कॉर्निया दुसऱ्याला उपयोगी पडतो. चष्म्याचा नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया झाली असेल तर तसं सांगा, वापर कसा करायचा ते नेत्रपेढी ठरवते.

चालत नाहीत ते एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, रेबीज, धनुर्वात, रक्ताचा कर्करोग, मेंदूज्वर, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग आणि मृत्यूचं कारणच कळलेलं नसेल तेव्हा. यातलं काही लपवू नका. रक्त तपासलं जातंच, आणि लपवलं तर धोका आधी पथकातल्या माणसाला असतो.

अपघात, आत्महत्या, सर्पदंश अशा प्रकरणांत शवविच्छेदन होतं. तरीही नेत्रदान होऊ शकतं, पण पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांची परवानगी लागते. शवागाराच्या दाराशी उभं राहून ही परवानगी मिळवणं सोपं नसतं. पंचनामा चालू असतानाच हवालदाराला आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगून ठेवा.

पथक घरी आल्यावर

दोन-तीन माणसं येतात. एक डॉक्टर किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ, हातात बर्फाची पेटी. आधी कागद: मृत्यू झाल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र पाहतात, जवळच्या नातेवाइकाची संमती आणि साक्षीदारांच्या सह्या घेतात. पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे. जावई आणि सून कितीही करत असले तरी या यादीत नाहीत. ते साक्षीदार होऊ शकतात, म्हणून सही करणारं माणूस घरातच थांबवून ठेवा. तो नेमका सामान आणायला गेला की सगळे त्याची वाट बघत बसतात.

मग खोली रिकामी करायला सांगतात. त्यांना लागतं ते एवढंच: चांगला उजेड, देहाच्या डोक्याकडे उभं राहायला जागा, हात धुवायला पाणी. वीज गेली असेल तर चार्जिंगची बॅटरी तयार ठेवा, मोबाइलच्या उजेडात काम होत नाही. पापण्यांभोवतीची जागा जंतुनाशकाने पुसतात, चेहऱ्यावर मध्ये भोक असलेलं निर्जंतुक कापड घालतात. कधी अख्खा नेत्रगोल काढतात, कधी फक्त कॉर्नियाची चकती, भोवती पांढऱ्याची बारीक कड ठेवून. दोन्ही डोळ्यांना मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. एक रक्ताचा नमुना घेतात. आत कापूस किंवा प्लॅस्टिकची वाटी बसवून पापण्या मिटवतात. चेहरा विद्रूप होत नाही, खोबणी दिसत नाहीत. नंतर कधी थोडं रक्त पाझरलं तर स्वच्छ कापसाने हलकं टिपायचं.

कॉर्निया विशिष्ट द्रावणात थंड ठेवतात. द्रावणाप्रमाणे तो चार ते चौदा दिवस टिकतो. कोणाला बसवला हे कुटुंबाला सांगत नाहीत आणि विचारूही नये. पैशांचा व्यवहार दोन्ही बाजूंनी गुन्हा आहे. पथकाला चहा द्या, पाकीट देऊ नका.

'पुढच्या जन्मी आंधळा होईल' असं म्हणणारं एखादं माणूस त्या खोलीत असतंच. त्याच्याशी तिथे वाद घालू नका, त्याला पथकाला आणायला स्टँडवर पाठवा.

देहदान: जास्त अटी, जास्त घाई

देह टिकवण्यासाठी मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या धमनीतून फॉर्मॅलिनचं द्रावण सोडतात. ते रक्तवाहिन्यांतून सगळ्या शरीरभर पोहोचावं लागतं. हे डोक्यात ठेवलं की बहुतेक अटी आपोआप कळतात. शवविच्छेदन झालेला देह नाकारतात, कारण वाहिन्या कापल्या गेल्यामुळे द्रावण बाहेर गळतं. उशीर झाला की रक्त गोठतं आणि ऊतींचं कुजणं आतून सुरू होतं. मोठे शय्याव्रण (पडून राहून झालेल्या जखमा), गँगरीन, जंतुसंसर्ग असेल तर तिथे द्रावण पोहोचत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि क्षयरोगात शिकणाऱ्या मुलांना धोका असतो. फार स्थूल देहही काही विभाग घेत नाहीत. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर देहदान विसरा.

लांबचे नातेवाईक यायचेत म्हणून देह दिवसभर घरात ठेवणं, हे देहदान फसण्याचं नेहमीचं कारण. थांबायचंच असेल तर शीतपेटी भाड्याने मागवा आणि महाविद्यालयाला किती वाजता निघणार ते कळवा. रात्री ॲनाटॉमी बंद असेल तर देह रुग्णालयाच्या शवागारात ठेवून सकाळी देता येतो, पण हे फोनवर ठरवून, नाही तर शवागाराचा माणूस ताब्यात घेणार नाही. १०८ ची रुग्णवाहिका रुग्णासाठी आहे, ती मागू नका. नगरपालिकेची किंवा खासगी शववाहिका बघा. मूल्यवान दागिने, कवळी, पेसमेकर याबद्दल आधीच सांगा आणि दागिने घरीच उतरवा.

सोबत न्यायचे कागद:
- डॉक्टरने दिलेलं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र. घरी मृत्यू झाला असेल तर नमुना ४-अ, रुग्णालयात असेल तर नमुना ४.
- मृत व्यक्तीचं आणि सही करणाऱ्या नातेवाइकाचं आधार कार्ड, प्रत्येकी तीन झेरॉक्स.
- संकल्पाचा फॉर्म भरलेला असेल तर तो. नसेल तरी विचारा, नातेवाइकांच्या संमतीवर देह स्वीकारणारी महाविद्यालयं आहेत.
- पत्नी किंवा पती आणि सगळ्या मुलांच्या सह्यांचं संमतिपत्र. एकाची सही राहिली तर नंतर भांडण महाविद्यालयाच्या दारात येतं, म्हणून ते काटेकोर असतात.

यातलं सगळ्यात अवघड म्हणजे ४-अ. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने तो द्यायचा असतो. वर्षभरात डॉक्टरची पायरी चढली नसेल, तर कोणीच सही करायला धजत नाही, आणि ते बरोबरही आहे. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी गावातल्या डॉक्टरला किंवा आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवून तपासणी करून घ्या, केसपेपर जपून ठेवा.

देह नाकारला तर

असं होतं. संकल्प स्वीकारला म्हणजे देह स्वीकारणारच, असं कोणतंही महाविद्यालय लिहून देत नाही. कधी शवागारात जागा नसते. म्हणून दुसऱ्या महाविद्यालयाचा नंबर हाताशी ठेवा. मिरजेने नाही म्हटलं तर सांगली किंवा कराड. तेही नसेल तर सरळ अंत्यसंस्कार करा. नेत्रदान आधीच झालेलं असेल तर ते वाया जात नाही, आणि म्हणूनच देहदानाचा संकल्प असलेल्यांनीही नेत्रपेढीला पहिला फोन करावा.

रक्षाविसर्जनाचं काय

अस्थी परत मिळत नाहीत. उपयोग संपल्यावर, एखाद-दोन वर्षांनी, अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय स्वतःच्या पद्धतीने लावतं. आपल्या भागात तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाला सगळा गाव येतो, आणि 'मग तिसऱ्या दिवशी करायचं काय' हा प्रश्न मयताच्या घरी विचारण्यासारखा नाही. जिवंतपणीच ठरवा. काही घरं त्या दिवशी घरासमोर किंवा शेताच्या बांधावर झाड लावतात, काही फक्त शोकसभा घेतात, काही दहावा-तेरावा नेहमीसारखा करतात. घरातून देह हलवण्याआधी आरती, हार, प्रदक्षिणा सगळं करता येतं. त्याला महाविद्यालयाची हरकत नसते, फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवा.

मृत्यूची नोंद

४-अ म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, ही गफलत फार होते. दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देते, आणि त्यासाठी २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. एरवी स्मशानभूमीची पावती जोडतात. देहदानात ती नसते, म्हणून देह देताना महाविद्यालयाकडून शिक्का आणि सहीचं स्वीकृतिपत्र हातात घेतल्याशिवाय निघू नका. दुसऱ्या दिवशी मागायला गेलात तर सही करणारे सुट्टीवर असतात. ४-अ ची मूळ प्रत नोंदणीसाठी लागते, महाविद्यालयाला झेरॉक्स द्या. मूळच हवी म्हणाले तर डॉक्टरकडून सही केलेल्या दोन प्रती आधीच करून घ्या. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा: बँक, विमा, पेन्शन, सोसायटी आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद, प्रत्येक ठिकाणी एक ठेवून घेतात.